मुंबई रस्त्यावरच्या आम्ही तिघी

पॅकिंगला बसणाऱ्या बाईचे हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. तेही आठ तास. त्यामुळे आमच्या टेबलावर जेवढ्या बाटल्या साचायच्या, तेवढेच किस्सेही साचायचे. बाटल्या संध्याकाळपर्यंत खोक्यांत भरून बाहेर जायच्या, किस्से मात्र आमच्याकडेच राहायचे. आता कुणी घरी आलं, की मी एक सांगायला घेते आणि त्याच्या मागून दुसरा येतो. सून म्हणते, "आई, त्यांचा चहा निवतोय."

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नवा नवा सुरू झाला होता. इंजेक्शनच्या बाटल्यांना लेबलं लावायची, खोक्यांत भरायची, हे आमचं काम. एका टेबलाला आम्ही तिघी. मी कुसुम, लग्न होऊन बार्शीकडून आलेली. गंगूबाई पिंपरी गावातल्याच, घरची शेती होती, पण "घरात बसून सुनंशी भांडन्यापरीस हितं बरं" म्हणून आलेल्या. आणि ईश्वरी. ती कॅम्पातली, फाळणीनंतर सिंधमधून आलेली. तिला मराठी समजायचं सगळं, बोलताना अर्धं हिंदी यायचं.

०

एक दिवस दुपारी शिफ्ट सुटली आणि आम्ही तिघी मुंबई रस्त्यानं घरी निघालो. रस्ता तेव्हा एवढासा होता. दोन्हीकडे वडाची झाडं, आणि समोरून लॉरी आली की बैलगाडीनं मुकाट्यानं कडेला व्हायचं.

आमच्या पुढं कोंडिबा गवळी सायकलवर चालला होता. कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या. एक लॉरी बैलगाडीला चुकवायला एकदम कडेला आली, तिच्या फळीचा धक्का लागला आणि कोंडिबा सायकलीसकट रस्त्यावर आपटला. लॉरी थांबली नाही.

त्याचा पाय गुडघ्याखाली जिकडं वळायला नको तिकडं वळला होता.

शिफ्ट सुटलेली, तीस-चाळीस माणसं तरी जमली. कुणी म्हणालं, उचला. कुणी म्हणालं, हलवू नका. कुणी म्हणालं, पाणी पाजा. कुणी म्हणालं, पाणी अजिबात नको. सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि कुणीच काही केलं नाही. मी अगदी त्याच्या डोक्याशी उभी होते. हातात डबा होता. तो मी इतका घट्ट धरला होता की त्याची कडी बोटांत रुतली, हे मला घरी गेल्यावर कळलं.

कोंडिबानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बाई, दूध सांडलं का?"

सगळा रस्ता पांढरा झाला होता. मी म्हणाले, "नाही."

त्या दिवशी माझ्या हातून झालेली मदत ती एवढीच.

बऱ्याच वेळानं एक मिलिटरीचा ट्रक आला. त्यातून एक जवान उतरला. त्यानं गर्दीवर नजर फिरवली, आमच्या टाइम ऑफिसातल्या जोगळेकरांच्या काखेतली छत्री न विचारता ओढून घेतली, ती कोंडिबाच्या पायाला लावली आणि त्याच्याच फेट्यानं बांधून टाकली. दोन मिनिटांत कोंडिबा ट्रकमध्ये आणि ट्रक पुण्याच्या वाटेला.

म्हणजे छत्री इतका वेळ आमच्यातच होती. फेटाही होता.

जोगळेकर धुळीकडं बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "पाय बरा झाला, की छत्री परत देतात का हो?"

०

दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावरचे दोन ट्रे परत आले. सगळ्या बाटल्यांवर लेबलं उलटी. सुपरवायझरांनी विचारलं, "कुणी लावली?" आम्ही तिघींनी एकदम माना खाली घातल्या. तिघींनीही उलटीच लावली होती.

मला जेवण जात नव्हतं. डोळे मिटले की तो पाय दिसायचा. मला वाटत होतं की हे माझंच झालंय. तर दुपारी गंगूबाई डबा न उघडताच म्हणाल्या, "आपल्या हाताखालनं दिसाला हजार बाटल्या जात्यात. दुनियेला औषध. अन् म्होरं एक मानूस पडला तर आपुन तिगी खांबावानी हुब्या."

ईश्वरी म्हणाली, "चलो, सिस्टरकडं जाऊ."

कारखान्याच्या दवाखान्यात मोहिते सिस्टर होत्या. रत्नागिरीकडच्या, बुटक्या, आवाज करारी. आम्ही म्हणालो, आम्हाला शिकवा. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दर मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास. कुणी पडलेला दिसला की पहिल्यांदा बोंबलायचं नाही. हा पहिला धडा."

गंगूबाई म्हणाल्या, "मंग दुसऱ्यापासनं सुरू करा."

०

दुसरा धडा झोळीचा होता. हात मोडला तर तिकोनी फडकं गळ्यात कसं बांधायचं. गंगूबाईंना ते फार आवडलं. घरी गेल्या तर मालक ओसरीवर दुपारचे झोपलेले. गंगूबाईंनी जुनं धोतर फाडलं आणि त्यांचा उजवा हात गळ्यात बांधून टाकला. मालक जागे झाले नाहीत, इतकं हलक्या हातानं बांधलं, हे त्या आम्हाला तीनदा सांगत होत्या.

मालक उठून तसेच चावडीकडं गेले. झालं. अर्धा गाव विचारपूस करायला घरी. कुणी केळी आणली, कुणी हळद. सुनेनं सासऱ्याला ताटावर बसवून आपल्या हातानं भरवलं.

पुढच्या मंगळवारी सिस्टरांनी विचारलं, "झोळी सोडायला जमलं का?"

"जमलं असतं," गंगूबाई म्हणाल्या, "पर त्यो सोडू देईना. आज सातवा दीस हाय. म्हनतो, अजून ठनकतंय."

०

ईश्वरीचं मात्र वेगळं होतं. तिला रक्त बघवायचं नाही. रक्त तर सोडाच, सिस्टर सरावासाठी कोपरावर लाल औषध लावायच्या, ते बघूनसुद्धा ती पांढरी पडायची आणि सरळ खाली. पहिल्या मंगळवारी पडली, दुसऱ्या मंगळवारी पडली. सिंधमधून इकडं येताना तिनं वाटेत काय काय बघितलं होतं, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी म्हणाले, "ईश्वरी, तू नको येऊस. कशाला त्रास करून घेतेस?"

ती म्हणाली, "का नको? बेहोश माणसाला काय करायचं, हे तुम्ही कोणावर शिकणार?"

आणि खरंच, आम्ही ते तिच्यावरच शिकलो. पाय उंच करा, पदर सैल करा, गर्दी हटवा. ती शुद्धीवर आली की पहिला प्रश्न विचारायची, "बराबर केलं?" एकदा गंगूबाईंनी घाईत तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं, तर डोळे न उघडताच म्हणाली, "गलत."

०

दीड महिन्यानं आम्ही तिघी पुण्याला दवाखान्यात कोंडिबाला बघायला गेलो. मीच चला म्हणाले. माझ्या मनात एक गोष्ट डाचत होती.

पाय प्लास्टरमध्ये होता, पण वाचला होता. उशाशी जोगळेकरांची छत्री नीट गुंडाळून ठेवलेली. म्हणाला, "कुनाची हाय कळंना, म्हनून कुनाला हात लावू दिला न्हाई."

मी धीर करून म्हणाले, "कोंडिबादादा, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. दूध सगळं सांडलं होतं."

"ठावं हाय की," तो म्हणाला. "माज्या पाठीखाली वलं लागत व्हतं."

"मग मला विचारलंत कशाला?"

तो जरा लाजला. "तुमी लई घाबरल्या व्हत्या, बाई. तोंड पार उतरलं व्हतं. म्हनलं, कायतरी बोलावं."

परत येताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले. आधी रडू आलं आणि मग हसू यायला लागलं, ते पार खडकीपर्यंत थांबेना. गंगूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. त्यांनी ईश्वरीला विचारलं, "ह्येला काय करायचं, सांगितलंय का गं सिस्टरनी?"

०

आता आम्ही तयार झालो होतो. गंगूबाईंच्या पिशवीत फाडलेल्या धोतरांच्या पट्ट्या, स्वच्छ धुऊन, उकळून. पण रस्त्यावर कुणी पडेचना. चांगलंच होतं ते, पण शिकलेलं असं नुसतं घेऊन फिरायचं म्हणजे अवघड असतं.

मग एकदा ऐन वैशाखात, शिफ्ट सुटायच्या वेळी, गेटच्या पलीकडं मोठा आवाज झाला. आम्ही पिशवी घेऊन धावलो. चाकणहून मुंबईला कांदा घेऊन चाललेला ट्रक चाक निखळून कलंडला होता. रस्ताभर कांदे, अर्धे चिरडलेले. जो येईल त्याच्या डोळ्यांतून पाणी. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, ड्रायव्हर गेला.

ड्रायव्हर वडाखाली बिडी ओढत बसला होता.

"बाई, मला काय झालं नाही," तो म्हणाला.

"असंच वाटतं," मी म्हणाले. "धक्का बसलेल्याला कळत नाही." हे सिस्टरांचंच वाक्य होतं.

गंगूबाईंनी त्याला आडवा केला. मी त्याचे पाय कांद्याच्या पोत्यावर ठेवले. ईश्वरीनं ट्रकमधलं कांबळं आणून त्याला गळ्यापर्यंत गुंडाळलं, कारण धक्का बसलेल्याला ऊब द्यायची असते. वर ऊन असं, की डांबर पातळ झालेलं.

पाच मिनिटं तो गप्प पडून राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "ताई, आता मात्र मला खरंच कसंतरी व्हायला लागलंय."

०

आणि मग ती लग्नाची लॉरी.

खेडकडून वऱ्हाड चिंचवडला चाललं होतं. गोरज मुहूर्त. लॉरीत बायका, पोरं, म्हातारी माणसं, सनईवाले आणि मध्ये ट्रंकेवर नवरदेव. आम्ही शिफ्ट सुटून चाललो होतो. आमच्या डोळ्यांदेखत लॉरीचं मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं आणि म्हातारा बैल बसावा तशी ती सावकाश चरात बसली. मग आडवी झाली.

सगळी पोरं एकदम रडायला लागली.

ह्या वेळी मी डबा खाली ठेवला आणि चरात उतरले. गंगूबाई माझ्या आधीच उतरल्या होत्या. ईश्वरीला आम्ही वर झाडाला टेकवून बसवलं आणि एकेक पोर तिच्याकडं पोचवत गेलो. तिनं सगळ्यांना सिंधी गाणं म्हणून दाखवलं. पोरांना शब्द कळेनात, त्यामुळे ती ऐकत गप्प बसली.

देवाची कृपा, कुणाला फार लागलं नाही. खरचटलं, मुरगळलं, एका म्हातारीचं मनगट सुजलं. तिला झोळी बांधली. सनईवाल्याचं बोट सुजलं होतं, रक्त नव्हतं, म्हणून ते ईश्वरीनं बांधलं. सगळ्यांत जास्त लागलं होतं नवरदेवाला. फळीवर कपाळ आपटून भुवईच्या वर चांगलं फाटलं होतं. गंगूबाईंनी फडकं दाबून धरलं, रक्त थांबेपर्यंत सोडलं नाही, आणि मग पट्टी बांधली. इतके दिवस थांबलेल्या बाईला पट्टी हातात मिळाल्यावर ती थोडक्यात कशी आवरेल. मुंडावळ्या त्या डोक्याला पुरेनात, तेव्हा त्यांनाही पट्टीचाच तुकडा जोडला.

नवरदेव शांत होता. जो येईल तो विचारायचा, "काही झालं नाही ना रे?" आणि तो म्हणायचा, "काही नाही." बापाला काही नाही, मामाला काही नाही. गंगूबाईंनी विचारलं, "घट्ट न्हाई ना झालं?" तर म्हणाला, "छे, काही नाही."

मामा आम्हाला सोडेनात. म्हणाले, "मांडवात पट्टी सुटली तर आम्ही काय करायचं?" मग गावातून बैलगाड्या आणवल्या आणि आम्ही तिघी त्यांतल्या एकीत बसून वऱ्हाडाबरोबर चिंचवडला गेलो.

मांडवात ते वऱ्हाड शिरलं, तेव्हा मुलीकडच्यांच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. कुणाच्या गळ्यात झोळी, कुणाच्या गुडघ्याला फडकं, आणि पुढं पांढऱ्या डोक्याचा नवरदेव. भटजी म्हणाले, वेळ होतेय. अंतरपाट धरला. आम्हाला अगदी नवरदेवाच्या मागंच उभं केलं होतं, पट्टीवर लक्ष ठेवायला.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट खाली आला. सनई लगेच वाजायची, पण सनईवाल्याचं बोट बांधलेलं, त्याला सूर लावायला वेळ लागला. त्यामुळे मांडवात अगदी शांतता.

नवरीनं मान वर केली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. तिनं पट्टीकडं बघितलं. हातातला हार तसाच धरून तिनं हळू विचारलं, "दुखतंय का?"

नवरदेव म्हणाला, "हो. खूप."

"मग जरा खाली वाका. हार पट्टीला लागायला नको."

मागून मामा दबक्या आवाजात म्हणाले, "वाकू नको रे. नवऱ्या मुलानं वाकायचं नसतं."

नवरदेवानं एका हातानं मुंडावळ्या सावरल्या आणि चांगला कमरेतून वाकला.