ओल्या बाटल्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तोंडानं सांगणं जमत नाही — म्हणून वहीत लिहिते. शिक्षण चौथी, समजून घ्या.

करमाडहून येऊन मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. तिथं सिल्लोडची रुबीना संशोधन करायची. माझ्याशी दोन शब्द बोलणारी ती एकटीच. एकदा तिनं पाकासारखं दाट काहीतरी दाखवलं आणि म्हणाली, मावशी, हे मीठ आहे. मी हसले. मग तिनं सांगितलं — आपल्या मिठाचे कण छोटे, गोल, म्हणून गच्च बसतात, खडा होतो. याचा एक कण मोठा, वाकडा, वर त्याला शेपूट. रचून बसताच येत नाही, म्हणून वाहतंच राहतं. तिनं त्याची शेपूट लांबवली होती. असं मीठ हवेतलं पाणी ओढून घेणार नाही, हा तिचा अंदाज. पण बाटलीत थेंबभर पाणी राहिलं तरी दाटपणा जातो, म्हणून बाटल्या ओव्हनमध्ये वाळवायच्या. ते काम माझं.

मी वाळवायची का? रोज नाही. ओव्हनला वेळ लागतो, आणि करमाडची बस — जाऊ द्या. बसचं सांगून काय उपयोग? बाटल्या उलट्या करून झटकायची आणि वाळलेल्यांच्या ट्रेमध्ये ठेवून द्यायची.

तिचं मीठ पातळ निघालं. त्यात पाणी सापडलं. तिनं विचारलं, "मावशी, बाटल्या ओव्हनमधल्याच ना?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं परत विचारलं नाही. आपल्याच हातून काही चुकलं असेल म्हणाली.

इथंच थांबले असते तर बहुतेक हे लिहिलंही नसतं. महिनाभर खपून तिनं पुन्हा मीठ बनवलं. त्या दिवशी मला वेळ होता, ओव्हनही रिकामा होता. पण वाळवलेल्या बाटल्यांत मीठ दाट निघालं असतं — मग मागचं पाणी कुठून आलं, हे कळायला किती वेळ लागतो? नोकरीची भीती नव्हती. ती मला खोटारडी म्हणेल, याची होती. मी बाटल्या नळाखाली धरल्या, झटकल्या, ट्रेमध्ये ठेवल्या. मुद्दाम.

याही वेळी मीठ पातळच निघालं. तिला शिकवणारे सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले, तुझा अंदाजच चुकीचा, हे मीठ पाणी ओढतं, सोडून दे. मी तिथंच फरशी पुसत होते. तिनं वहीतल्या पानांवर एकेक रेघ मारली. वर्षभरात संशोधनच सोडलं.

आता ती सिल्लोडला शाळेत शिकवते. कधीमधी फोन करते, माझ्या गुडघ्यांचं विचारते. मागं एकदा म्हणाली, "मला ते नीट समजलंच नव्हतं, मावशी." मी नुसतं हं म्हटलं.

तिला समजलं होतं. पाणी मी घातलं होतं.