पुण्याच्या कोळशावरची कोंबडी

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात जमिनीखाली कोळसा आहे, जमिनीवर जंगल आहे, आणि माझ्या धाकट्या दिराने पोळ्याला घरी येताना पुण्याहून कोळशाची पिशवी विकत आणली. पिशवीवर पेटलेल्या कोळशाचं रंगीत चित्र होतं, म्हणजे आम्हाला कळावं की हे पेटतं. सोबत तीन पायांची लोखंडी शेगडी, सळ्या, लांब चिमटे आणि छातीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेला एक एप्रन. हे सगळं अंगणात मांडून त्याने जाहीर केलं, "वहिनी, करीच्या दिवशी तुम्हाला सुट्टी. बार्बेक्यू करतोय. सगळं मीच करणार."

मला कोणी विचारलं नव्हतं, पण त्यात नवीन काही नाही. आमच्या घरात निर्णय अंगणात होतात आणि स्वयंपाकघरात कळवले जातात. मागचं छप्पर काढून टिनं टाकायचं ठरलं तेव्हा मला ते मिस्त्रीच्या चहाची ऑर्डर आली तेव्हा कळलं. सुट्टीसुद्धा अशीच कळली.

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. श्रावणभर आमच्या घरात अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नाही. पोळ्याला बैलांची आणि आमची पुरणपोळी होते, दुसऱ्या दिवशी सकाळी इडापिडा घालवायला पोरं "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत गावाबाहेर जातात, आणि दुपारपासून घराघरातून मसाला भाजल्याचा वास सुटतो. पण ही मोकळीक फार आखूड असते. लगेच हरतालिका येते, पाठोपाठ गणपती. त्याआधी भांडी घासून, ओटा धुऊन स्वयंपाकघर पुन्हा सोवळ्यात आणावं लागतं. म्हणजे करीला जे शिजेल ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत संपलंच पाहिजे. आणि मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घरात शिजलेलं अन्न फेकत नाहीत. तेव्हा ते संपवायची जबाबदारी कोणाची, हे सांगायला नको.

दिराचं हे सगळं उगाच चाललं नव्हतं. पुण्याची नोकरी त्याने सोडली की नोकरीने त्याला सोडलं, याबद्दल आम्हाला वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळी माहिती मिळाली होती. काहीही असो, त्याला आता परत यायचं होतं. आमचं गाव चिमूरच्या अलीकडे, आणि आमच्या धानाच्या बांधीची, म्हणजे भातशेताची, एक चिंचोळी पट्टी वाघ बघायला जाणाऱ्या गाड्यांच्या रस्त्याला लागते. त्या पट्टीवर त्याला बार्बेक्यूचं हॉटेल टाकायचं होतं. पट्टी मामाजींच्या नावावर. मामाजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पह्यले खाऊन पाहू. मंग विचार करून सांगू." त्यामुळे करीची संध्याकाळ म्हणजे त्याची परीक्षा होती, आणि ती बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून दिसत होती.

माझ्या सुट्टीचं थोडक्यात सांगते. कोंबड्या धुतल्या मी. आलं-लसूण वाटलं मी. दही फेटलं, कांदे चकत्या करून कापले, लिंबं चिरली, सळ्या घासल्या मी. दिराने मसाला चोळला, आणि चोळताना त्याचे फोटो काढले आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. हे चिमूरच्या शाळेत मास्तर आहेत. घरात कोणी काम करत असलं की त्यावर देखरेख करायची त्यांना शाळेपासूनची सवय आहे.

संध्याकाळी पाऊस आला. भाद्रपदात येतोच, पण पुण्याच्या कोळशाला ते माहीत नव्हतं. शेगडी गोठ्याच्या टिनाखाली नेली. शिंगं रंगवलेले आमचे दोन्ही बैल ते सगळं बघत उभे राहिले. रॉकेल झालं, कागद झाले, पुठ्ठे झाले, दिराने फुंकून फुंकून डोळे लाल केले, पण कोळसा काही मनावर घेईना. शेवटी माझ्या चुलीतले निखारे घमेल्यातून नेऊन त्यावर ओतले तेव्हा तो पेटला. "आता बघा स्मोकी फ्लेवर," दीर म्हणाला. ज्या घरात रोज चुलीवर शिजतं त्या घरातल्या माणसांना त्याने धुराची चव समजावून सांगितली.

खरं सांगायचं तर कोंबडी चांगली झाली होती. लालबुंद, कडेने करपलेली, दह्याने आतून मऊ. शेजारचे काकाजी, त्यांच्या घरचे, आणखी चार घरचे असे लोक अंगणातल्या मांडवात बसले होते. सगळ्यांनी एक-एक, दोन-दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली, "वा" म्हणाले, हात पुसले आणि शांतपणे बसून राहिले. दीर पुढचं ताट भरून घेऊन आला तर कोणी घेईना. सगळे नको नको म्हणत होते.

काकाजी म्हणाले, "चाखणा बढिया झाला बाप्पा. आता जेवण काढा."

"काकाजी, हेच जेवण आहे," दीर म्हणाला.

काकाजींनी त्याच्याकडे, मग ताटाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "भात नाई?"

"यासोबत भात नसतो. पाव आणलेत ना."

"अन् रस्सा?"

"हे ग्रिल केलेलं असतं काकाजी. रस्सा नसतो."

"मंग आमी काऊन थांबून राह्यलो?" काकाजींनी मनापासून विचारलं. त्यांना कोणाला दुखवायचं नव्हतं. धानाच्या मुलखात ताटात भात पडला नाही तर माणूस जेवलाच नाही, एवढी साधी गोष्ट आहे. आणि ही गोष्ट याच मातीत वाढलेल्या माझ्या दिराला पुण्याच्या काही वर्षांनी विसरायला लावली. लोक पोट राखून बसले होते. कोंबडी चाखणा समजून त्यांनी हात आखडता घेतला होता.

तिथे माझी सुट्टी संपली. मी मोठ्या गंजात भात टाकला, तुरीच्या डाळीचं वरण केलं, लसणाची फोडणी दिली. लोक वरण-भात पोटभर जेवले, जाताना "सूनबाईच्या हातचं वरण" वगैरे म्हणाले, आणि अर्ध्या गावाला पुरेल एवढी बार्बेक्यू कोंबडी पातेल्यात तशीच राहिली.

मामाजींनी एक तंगडी घेतली होती. ते कोपऱ्यात गोठ्याकडे तोंड करून बसले होते. बराच वेळ ती हातात फिरवली, मग उठून हात धुतले. "ठीक आहे," म्हणाले, आणि आत जाऊन झोपले. मामाजींचं "ठीक आहे" आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बैल विकत घेताना नाकारायचा असला की ते व्यापाऱ्याला हेच म्हणतात. दिराने एप्रन काढला, त्याची नीट घडी केली, पुन्हा उलगडून पुन्हा घडी केली, आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी दिवसभर त्याच्यावर मनातल्या मनात चरफडत होते, पण ती घडी बघून मी त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

सकाळी आमचे हे ज्ञान घेऊन उठले. हातात फोन, डोळ्यांवर चष्मा. "हे बघ, उरलेल्या बार्बेक्यू चिकनपासून झटपट नवे पदार्थ. सॅलड करता येतं. त्यात अव्होकाडो घालायचा."

"तो कुठे मिळतो? आपल्या बाजारात तर ढेमसे आलेत."

"मग सँडविच. मेयोनीज लावायचं फक्त. नाहीतर पिझ्झ्यावर पसरायचं. अगं, फक्त दहा मिनिटांचं काम आहे."

या माणसाच्या तोंडून "फक्त" ऐकलं की माझी दुपार गेली असं समजावं. मी म्हटलं, तुम्ही पिझ्झा तेवढा भाजा, पसरायचं काम मी करते. ते अंघोळीला गेले.

मी शेण काढायला गोठ्यात गेले तर टिनामागे आमचा कुत्रा गवतातून नुकतीच उकरून काढलेली कालची तंगडी घेऊन बसलेला. मामाजींचीच, त्या कोपऱ्यात दुसरं कोणी बसलंच नव्हतं. तिच्यावरचा मसाला चोखून साफ केलेला होता, पण मांस जसंच्या तसं. एक घास तोडलेला नव्हता. मी खराटा हातात धरून तशीच उभी राहिले. मग एकेक आठवायला लागलं. मामाजी हल्ली ज्वारीची भाकर नको म्हणतात. पोळी दिली की वरणात बुडवून ठेवतात आणि गिळतात. भाजलेले शेंगदाणे वाटीत तसेच ठेवून उठतात. मला वाटायचं, माझ्या हाताला चव राहिली नाही, आणि ते तोंडाने न बोलता मला तेच सांगतायत. कितीदा मी भांडी आपटली असतील! माझ्या हाताची चव कुठे गेली नव्हती. मामाजींच्या दाढा गेल्या होत्या. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. घरात मुलगा मास्तर, गावात दवाखान्याची गाडी येते, आणि हा माणूस चावता येत नाही एवढं चार माणसांत सांगायला लाजतो. तिकडे पोरगा समजतो की बापाने आपल्याला नापास केलं.

मी कोणाला काही बोलले नाही. पातेलं पुढे घेतलं आणि कोंबडीचं सगळं मांस हाडांवरून सोडवलं.

निम्मं मांस दुपारी संपवलं. बारीक मोकळं केलं, भरपूर कांदा, टमाटर, हिरवी मिरची, वरून मूठभर सांबार, म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. पोळीसोबत आमच्या ह्यांनी ते असं ओढलं की फोन चार्जिंगला लावायचाही राहिला. "यात मेयोनीज नाही ना?" मी विचारलं. त्यांनी घास तोंडात असल्यामुळे नुसती मान हलवली.

हाडं टाकून दिली नाहीत. कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यात काळी होईपर्यंत भाजली, धणे, खसखस, लवंग घालून पाट्यावर वाटलं, तेलात परतलं आणि हाडांसकट पाणी घालून चुलीवर उकळत ठेवलं. कालच्या मसाल्याची करपलेली चव त्या रश्श्यात उतरली आणि रस्सा एकदम भारदस्त झाला. पुण्याच्या कोळशाचा तेवढा एक उपयोग मला मान्य आहे. संध्याकाळी हाडं काढली, उरलेलं मांस बोटांनी तंतू तंतू करून त्यात सोडलं आणि पुन्हा शिजवलं, इतकं की ते जिभेवर दाबलं तरी विरघळावं. सोबत आयते केले. आयते म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाचे तव्यावर सोडलेले मऊ, जाळीदार धिरडी. त्यांना दात लागतच नाहीत. दीर दिवसभर खोलीत होता. त्याची पुण्याची बॅग भरलेली दिसत होती.

मामाजी ताटावर बसले. एक आयता त्यांनी रश्श्यात बुडवून खाल्ला. मग दुसरा. मग ताट पुढे सरकवून तिसरा मागितला, आणि त्यांनी अन्न मागून घेतल्याला किती महिने झाले होते हे मला तेव्हा कळलं. दीर पाणी प्यायला आला होता, तो माठाजवळ थबकला. मामाजींनी वाटी तोंडाला लावून रस्सा संपवला आणि विचारलं, "कोणं केलं हे?"

इतकी वर्षं या प्रश्नाची मी वाट पाहिली होती. कधी तरी कोणी तरी विचारेल, मी पदर सावरून "मी" म्हणेन, असं मनात पक्कं होतं. आणि तो विचारला गेला तेव्हा मला समोर तो एप्रन घडी करणारा पोरगा दिसला.

"भाऊजींनी," मी म्हणाले. "कालचीच कोंबडी आहे मामाजी, त्यांच्याच कोळशावरची. मी फक्त गरम केली."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या वाटीकडे. मग पाट्याकडे, जो अजून धुतला नव्हता.

"गरम केली," ते म्हणाले. हात धुतले, तोंड पुसलं आणि दिराला हाक मारली. "इकडे ये बे. रस्त्याची पट्टी पायजे का तुले?"

"हो बाबा."

"घे. पण तिथी हे गरम कराले कोण येईन?"

दीर माठावरचं झाकण सरळ करत राहिला. आमचे हे मात्र कधीच गप्प बसत नाहीत. पलीकडून म्हणाले, "ही जाईल ना. घरीच तर असते."

"तुले नाई विचारलं," मामाजी म्हणाले. मग धाकट्याकडे वळले. "अन् मलेही नको विचारू. तिले विचार."

मी तोपर्यंत मोरीवर जाऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी हरतालिका, पातेलं राखेने घासून ठेवायचं होतं. घासता घासता डोळ्यांत काही तरी गेलं, ते राख असल्याचं मी स्वतःला सांगितलं. मागे दीर येऊन उभा राहिला. त्याची पुण्याची भाषा कुठे तरी पडून गेली होती.

"वहिनी, तुमी याल का जी दुकानात? तुमच्याबिगर नाई जमत मले. तुमी नाई म्हणाल तं नाई टाकत."

"काय म्हणालात? भांड्यांत ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

ऐकू आलं होतं. पण या घरात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, आणि एकदा ऐकून माझं मन भरेना. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने, बाहेर बसलेल्या आमच्या ह्यांना नीट ऐकू जाईल असं.

मी पातेलं विसळलं, पालथं घातलं, हात पुसले.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.