आमदारांची कुदळ

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या आमदारांचं कुठंही भूमिपूजन असलं, की तो मागच्या गाडीतून उतरायचा. काखेत टॉवेलात गुंडाळलेली कुदळ. साहेब येईपर्यंत तिचं टोक शर्टाच्या बाहीनं पुसत उभा राहायचा.

साहेब आधी अपक्ष निवडून आले, मग एका पक्षाकडून, मग दुसऱ्याकडून. दर वेळी कुदळीच्या दांड्याची रिबीन तेवढी बदलली. मोताळ्याहून आमच्या गावाला येणारा रस्ता मात्र होता तसाच, आणि निवडणूक आली की त्याचंच भूमिपूजन. खड्ड्यांपायी एसटीनं गावात येणं केव्हाच सोडलं.

यंदा त्याच रस्त्यावर तिसरा नारळ फुटला. साहेबांनी कुदळ जमिनीला टेकवली, फोटो निघेपर्यंत धरली आणि गाडीत बसून काच वर केली.

मी त्या माणसाला म्हटलं, "भाऊ, नवी घेतली काय कुदळ?"

"नवी कायची? पंधरा वर्स झाले," तो टोक पुसत म्हणाला. "पण हिले एकडावबी धार लावाले लोहाराकडं न्या लागलं नाई."

हे त्यानं अभिमानानं सांगितलं.