कोपऱ्यातलं नाव
टर्पेंटाइनचा वास आला की वारंगा फाट्यावरचं ते कापडाचं दुकान आठवतं. मी आणि माझा जोडीदार त्याची पाटी रंगवत होतो. हिरव्यावर तांबडी अक्षरं ही जोडीदाराचीच कल्पना. "तांबड्याकडं एकटक बघ," तो म्हणाला, "आता चुन्याच्या भिंतीकडं. काय दिसून राहिलं?" पांढऱ्या भिंतीवर हिरवी अक्षरं तरंगत होती. "न्हाई तिथं बी दिसते, गड्या!" तो हसला. पेंटरांच्या रिवाजाप्रमाणे त्यानं कोपऱ्यात आमची दोघांची नावं लिहिली आणि चहाला गेला. तेवढ्यात मालक आले. "झकास! कुणाचं डोकं हे?" मी म्हणालो, "माझंच." ते वळताच मी हिरव्या रंगाचा हात मारून त्याचं नाव बुजवलं. तो परतला, ओल्या कोपऱ्याकडं पाहत राहिला. "काहून रे?" एवढंच म्हणाला. मी मान खाली घालून ब्रश धूत राहिलो. त्यानं आपले डबे उचलले आणि नांदेडच्या गाडीत बसला. पुन्हा कधी भेटला नाही. आता तिथं फ्लेक्स आहे. तरी कुठं तांबडी पाटी दिसली की मी एकटक बघतो, मग पांढऱ्या भिंतीकडं वळतो. हिरवं उमटतं, आणि ते विरायच्या आत मी कोपऱ्यात त्याचं नाव शोधतो.