छप्पर नसलेली न्हाणी

दिग्गी गावात दिलेल्या माझ्या आक्काच्या घरामागं कुडाची न्हाणी होती. चारी बाजूंनी आडोसा, वर मोकळं आभाळ. भोवती नुसतं रान. वरून कोण बघेल, हा विचारच कधी कुणाच्या मनात आला नव्हता.

त्या वर्षी भात पोटरीला आलं आणि हत्ती उतरले. वनखात्याची माणसं ड्रोन घेऊन आली. कळप कुठं आहे ते वरून कळायचं, मग गडी फटाके घेऊन नेमके तिकडं धावायचे. आक्काचं शेत त्यामुळंच वाचलं.

सुगीला मी तिच्या मदतीला गेले होते. एका सकाळी घरघर ऐकू आली. आक्का न्हाणीत होती. मी अंगणातून ओरडले, "आक्का, वर ते फिरतंय."

"फिरू दे गं. हत्ती बघत असंल."

तो ड्रोन वनखात्याचा नव्हता, हे मागाहून कळलं. नदीकाठच्या कॅम्पवर सहलीला उतरलेल्या पाहुण्यांनी मजा म्हणून उडवला होता. आठवड्याभरानं दाजी रामनगरच्या बाजारातून आले आणि मोबाईल आक्कापुढं टाकला. त्यावर व्हिडिओ चालू होता. रान, नदी, आक्काच्या घराची कौलं आणि मग न्हाणी. आक्काचा चेहरा ओळखू येत होता.

"तुला आवाज ऐकू येत न्हवता?" दाजींनी तिलाच विचारलं.

आम्ही दोघी पोलिसांत गेलो. "ड्रोन कुणाचा? नंबर काय?" साहेब म्हणाले. एवढ्या उंचावरचा नंबर आम्हाला कुठला दिसायला! कॅम्पचा मालक म्हणाला, पाहुणे गेले, व्हिडिओ काढून टाकायला लावलाय. बाजारातल्या मोबाईलांतून तो कोण काढणार होतं?

पंचायतीच्या बैठकीत बाप्ये ओरडले, "सगळेच ड्रोन बंद करा!"

मागं बसलेली आक्का उठली. "हत्तीचं बंद केलासा तर खायाचं काय? उडवा की. पर कोण उडवतंय, कशासाठी, ते आदी गावाला सांगा. आन् घरांवर न्हाई यायचं. एवढंच म्हणणं हाय माझं."

कुणीही तिच्याकडं मान वर करून पाहिलं नाही. व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला होता. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मग आक्का बाजारला जाईनाशी झाली. एकदा कापणी चालू असताना पुन्हा घरघर आली, तशी ती विळा टाकून घरात पळाली.

"वनखात्याचाच हाय तो," मी म्हटलं.

"कशावरनं?"

मी वर पाहिलं. नुसता एक काळा ठिपका फिरत होता.

मळणी उरकल्यावर मी तिला खानापूरला आईकडं घेऊन आले. दाजी बसपर्यंत आले नाहीत. पंचायतीची ती बैठक अजून झालेली नाही.