शिसवाचा डाग

मिस्त्रींना उघडं बसवून नर्स त्यांच्या पाठीवर पेनानं रेघा ओढत होती. पाठीवरून पेन सरकताना त्यांच्या तोंडून सुतारकीच्या सवयीनं निघून गेलं, "सिस्टर, गुण्या लावून आखा. उजवीकडची रेघ वर चढतेय."

"पाठीला डोळे आहेत वाटतं तुमच्या!"

"डोळ्यांचं नाव नका काढू. पुढचे दोन आहेत तेच धड नाहीत."

ते खोटं नव्हतं. वर्षभर मिस्त्रींच्या पापण्या, गाल, मान आणि मनगटं सारखी लाल व्हायची. खाजेनं जीव नकोसा व्हायचा. एखाद्या सकाळी डोळे इतके सुजायचे की मिस्त्रीणबाईंना हाताला धरून त्यांना मोरीपर्यंत न्यावं लागायचं. मलमं झाली, पथ्यं झाली. कारखान्यात शिसवी खुर्च्या बनत, आणि त्यांना पॉलिश करणाऱ्याला सगळे चमक्या म्हणत. मिस्त्रींनी सगळं खापर त्याच्याच डब्यांवर फोडलं होतं.

"तुझ्या या वासानंच मी जाणार एक दिवस," ते म्हणायचे.

"जा खुशाल, पण आधी त्या खुर्चीचे पाय बसवा," चमक्या म्हणायचा. "मी रोज यात हात बुडवतो, तो काय दगडाचा आहे?"

शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी ही चाचणी सांगितली. रोज अंगाला लागणाऱ्या वस्तूंचा कण कण मलमात कालवून पाठीवर पट्टीखाली ठेवायचा, दोन दिवसांनी पट्टी काढायची. जिथं कातडी लाल होऊन उठेल, तिथला माल गुन्हेगार. पुष्कळशा वस्तू बाईंच्या कपाटात तयार होत्या. कारखान्यातल्या मात्र मिस्त्रींनी आणायच्या होत्या: पॉलिश, चिकटवायचा गोंद, आणि प्रत्येक लाकडाचा भुसा वेगवेगळ्या पुडीत.

मिस्त्रींनी सगळं आणलं. फक्त ज्या पुडीवर 'शिसव' लिहिलं होतं, तिच्यात साग होता.

माणूस लबाड नव्हता. आयुष्यात कुणाला आखूड फळी लांब म्हणून दिली नव्हती. पण खुर्चीचा हात घासून झाला की मिस्त्री तो बोटांनी तपासत नसत. बोटांना घट्टे, त्यांना काय कळणार? ते मनगटाची आतली बाजू लाकडावरून फिरवत, आणि कुणी बघत नसेल तर शेवटी गाल लावून बघत. गाल सरकला की खुर्ची झाली. पुडी बांधताना त्यांनी आपलं लाल मनगट पाहिलं होतं, आणि मग शिसवाकडे पाहिलं होतं. कळायचं ते तेव्हाच कळलं.

शिसव हातचं सुटलं तर उरत होती आवारापलीकडची प्लायवूडची शेड. तिथं कपाटांची खोकी ठोकत. प्लायवूडला मिस्त्री 'पुठ्ठा' म्हणत.

दोन दिवसांनी बाईंनी पट्ट्या काढल्या आणि दिवा जवळ ओढून पाठ निरखली. "एका धातूपाशी किंचित गुलाबी आहे. बाकी काही नाही. पण काही गोष्टी उशिरा उठतात, परवा परत दाखवा. तोवर पाठीला पाणी लावू नका."

"नाहीच काही उठलं तर?"

"तर मग कामावर जा. कारण दुसरीकडे शोधू."

येताना ते कारखान्यावरून आले. चमक्या फाटकातच उभा होता. "सुटलो का मी?"

"सुटलास."

"मग वर्षभर घातलेल्या शिव्या परत घ्या."

"वापरलेला माल परत घेत नाही," मिस्त्री म्हणाले. दोघं हसले. मिस्त्रींचं हसू मात्र घर येईपर्यंतही टिकलं नाही.

घरी मिस्त्रीणबाईंनी त्यांना खिडकीपाशी पाठमोरं बसवलं. एकेका चौकोनावरून त्या बोट फिरवत गेल्या.

"अहो, यात शिसव कुठं ठेवलं होतं?"

"असेल कुठंतरी खाली. का?"

त्या उठून आत गेल्या आणि दोरीवरचं बनियन घेऊन आल्या. गळ्याशी, काखेत तांबूस-जांभळे डाग होते, पुसट, पण चिवट. "लग्न झाल्यापासून हे डाग घासतेय. घाम लागला की शिसव रंग सोडतं, मग ब्रश लावा नाहीतर उकळत्या पाण्यात घाला. आणि तेच शिसव मलमात कालवून दोन दिवस पाठीवर होतं, तरी पाठ कोरी?"

मिस्त्री सदरा अंगावर ओढायला लागले.

"काय ठेवलंत त्या पुडीत?"

"साग."

त्या भांडतील असं मिस्त्रींना वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बनियनची घडी घालत म्हणाल्या, "डोळे मिटतात तेव्हा हात मी धरते. उद्या घसा मिटला तर काय धरू?"

परवा दवाखान्यात जाताना मिस्त्रींनी रुमालाच्या कोपऱ्यात चिमूटभर भुसा बांधून घेतला. बाईंनी पाठ पाहिली. कुठं काही उठलं नव्हतं. त्या हात धुवायला निघाल्या तशी मिस्त्रींनी गाठ सोडली.

"हे शिसव आहे."

"ते तर लावलं होतं आपण."

"तो साग होता, बाई. मीच भरला."

बाईंनी भुसा एका कागदावर ओतून घेतला. मग नर्सला म्हणाल्या, "खाली डावीकडे जागा आहे. एक चौकोन आखा." या वेळी मिस्त्रींनी रेघेबद्दल काही म्हटलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत पाठ चावायला लागली. मिस्त्री हात मांडीखाली दाबून बसले आणि मिस्त्रीणबाई त्यांच्याशी भलत्यासलत्या गोष्टी बोलत राहिल्या. पट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली लालभडक गोल होता, वर बारीक फोड, कडेला जांभळट डाग. डॉक्टरीणबाईंना सांगावं लागलं नाही, तरी त्यांनी सांगितलं: याचा भुसा पुन्हा अंगावर नको, जवळच्या हवेतसुद्धा नको.

मालक भला माणूस. त्यानं पलीकडच्या शेडमध्ये जागा दिली. चमक्यानं मिस्त्रींची हत्यारं पुसून आणून पोचवली, आणि निघताना म्हणाला, "पुठ्ठ्यालाही पॉलिश लागतंच की. येत जाईन." आला दोन-चारदा. पुढं त्यालाही जमेना.

मिस्त्रींचे डोळे निवळले, मनगटं साफ झाली. चेहऱ्यावरची सूज गेली तेव्हा ते एकदम म्हातारे दिसले. खोकी ते नीट ठोकतात, कोपरे जुळवतात. तपासायला मनगट फिरवायची गरज पडत नाही. प्लाय गुळगुळीतच येतं.

एका सुट्टीच्या दिवशी ते अंगणात बसले होते. दोरीवर एक पांढरंशुभ्र बनियन वाळत होतं.

"कुणाचं गं हे?" त्यांनी विचारलं. "शेजारच्यांचं आलं की काय उडून?"

मिस्त्रीणबाई दुसरं पिळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमचंच आहे."