लव्हॉनच्या खिडकीवरचा एक डॉलर

लव्हॉन हेगस्टॅडच्या खिडकीवर गाडीची नोंदणी करून आजवर कुणी गपचूप घरी गेलेलं नाही. अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यातली ती डोंगराळ कौंटी, म्हणजे तिथला जिल्हा, कोर्टाच्या जुन्या इमारतीत कौंटीचा खजिना, आणि खजिन्यात गाड्यांच्या नोंदणीच्या तीन खिडक्या. दोन खिडक्यांवर माणसं नुसती काम करून निघून जायची. तिसरीवर लव्हॉन बसायची आणि रांग कायम तिच्याचकडे लागलेली. लोक तिला शिव्या घालायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच रांगेत उभे राहायचे. काय म्हणावं या माणसांना!

काम तसं साधं होतं. कर भरायचा, गाडीच्या नंबरपाटीवर चिकटवायचा नवा कागद घ्यायचा आणि चालू पडायचं. पण फॉर्मच्या तळाशी एक चौकोन होता: अपंगांच्या खेळांसाठी स्वेच्छेने एक डॉलर देणार का? बाकीच्या दोघी त्या चौकोनाकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या. लव्हॉनचा सगळा जीव त्या चौकोनात अडकलेला. गावात म्हणायचे, फॉर्मवर स्वेच्छा म्हटलंय ती लव्हॉनची.

पाद्रीबुवा नोंदणीला आले की ती म्हणायची, "दर रविवारी तुम्ही माझ्यापुढे दानाची थाळी धरता ना? आज माझी पाळी." नवं लग्न झालेलं जोडपं आलं की नवऱ्याला बायकोच्या देखत विचारायची आणि तो उत्तर देईपर्यंत बायकोकडे बघत राहायची. बोटीचं नाव चढवायला आलेल्या माणसाला म्हणायची, "मासे पकडायला बोट, आणि पाय नसलेल्याला बर्फावर घसरायला एक फळी नको?" पण एखाद्या बाईच्या कोटाची बाही उसवलेली दिसली की आवाज एकदम खाली यायचा. "मला वाचावं लागतं म्हणून वाचते हो. नाही म्हण आणि जा घरी, थंडी फार आहे."

कुणी विचारायचं, तुझ्या घरात कुणी अपंग आहे का? "छे! आमच्या घरात सगळ्यांना दोन-दोन पाय आहेत, आणि एकही कुणी वापरत नाही." खरी गोष्ट अशी, की एकदा गावामागच्या बर्फाच्या उतारावर ती कॉफीचा पेला घेऊन उभी असताना दोन्ही पाय नसलेला एक पोरगेलासा माणूस एका पट्टीवर बसवलेल्या खुर्चीतून असा सुसाट खाली आला, की तिची कॉफी तिच्याच अंगावर. वर तो ओरडला, "वाटेत उभ्या राहता, बाई, दिसत नाही का?" लव्हॉनला हे इतकं आवडलं की विचारू नका. कुणाला कीव यावी असं त्यात काहीच नव्हतं. त्या खुर्च्या फुकट मिळत नाहीत हे कळल्यावर तिने तो चौकोन मनावर घेतला.

आता ऑरिन स्टुसेक. सत्तरी ओलांडलेला, गायी-बैलांचा मोठा धनी, एकटा राहणारा, आणि चिकट म्हणजे किती चिकट! एकोणीस वर्षं तो या खिडकीवर येत होता आणि एकोणीस वर्षांत त्याने एक डॉलर सोडला नव्हता. त्याच्याकडे आठ जुनाट गाड्या होत्या आणि आठही वेगवेगळ्या महिन्यांत नोंदवलेल्या. म्हणजे वर्षाला आठ लढाया.

"ऑरिन, डॉलर?"

"नाही."

"गेल्या महिन्यात बैल विकलास तो. सगळ्या कौंटीला ठाऊक आहे कितीला गेला."

"बैल धडधाकट होता. अपंग असता तर विचार केला असता."

"तूच एखाद दिवशी त्या बैलाखाली सापडशील, मग येशील माझ्याकडे खुर्ची मागायला."

"आलो तर तेव्हाही नाहीच म्हणेन."

रांगेतली माणसं खुसूखुसू हसायची. काही तर ऑरिन येणार असेल त्या दिवशी मुद्दाम आपलं काम काढायची.

जानेवारीत मात्र लव्हॉनच्या कपाळी एक पत्र आलं. खाली नाव नव्हतं. खजिनदार शॉना पिकेट, वयाने लव्हॉनहून वीस वर्षांनी लहान आणि नियमाला पक्की. तिने लव्हॉनला आत बोलावलं आणि पत्र वाचून दाखवलं. "खिडकीवरील महिला दर खेपेस मला सर्वांसमक्ष कंजूष ठरवते."

"लव्हॉन, हे दान आहे. वसुली नाही. आजपासून छापील वाक्य म्हणायचं. एकदा. पुढे एक शब्द नाही, भुवया वर करायच्या नाहीत."

"आणि केल्या तर?"

"आणखी एक तक्रार आली तर तुला खाली तळघरात जुन्या जमिनींच्या दप्तराला लावते. माझा नाइलाज आहे."

तळघर! तिथे खिडकी नाही, माणूस नाही, नुसती धूळ आणि मेलेल्या लोकांच्या सह्या. नवरा गेल्यापासून लव्हॉनचं घरी बोलणं होतं ते फक्त रेडिओशी, आणि रेडिओ उलट बोलत नाही. ही खिडकी गेली तर दिवसभरात आपला आवाज आपल्याच कानावर पडायचा नाही, हे तिला लख्ख कळलं आणि ती खरंच घाबरली. बाहेर येऊन खुर्चीत बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. "दर खेपेस" असं लिहिलंय. दर खेपेस येणारा असा आहे कोण? वर्षातून आठ वेळा येणारा!

मेल्या ऑरिन, तू?

त्या दिवसापासून लव्हॉनच्या तोंडाला कुलूप लागलं. "दिव्यांग व्यक्तींच्या क्रीडा उपक्रमांस साहाय्य म्हणून एक डॉलर वा अधिक रक्कम स्वेच्छेने देण्याची आपली इच्छा आहे काय?" एवढं म्हणायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची. लोक हादरले. ही अशी का बोलतेय? हिच्या घरी काय झालं? त्या भागात कुणाकडे मयत झालं की शेजारी बटाटा-चीजचं भाजलेलं भांडं दाराशी ठेवून जातात. आठवडाभरात लव्हॉनच्या पायरीवर अशी पाच भांडी जमली. एकात तर हरणाचा खिमा होता, वर चिठ्ठी: "दुःख मोठं आहे, पण धीर धर." कुणाचं दुःख ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. शिवाय भेदरून जो तो मुकाट्याने डॉलर द्यायला लागला. लव्हॉनला त्याचाही राग आला. न भांडता मिळालेल्या डॉलरला काही चव असते का?

फेब्रुवारीत ऑरिन आला. दारातूनच हसत आला, म्हणजे त्याच्या मानाने हसत. खिडकीवर कोपर टेकून उभा राहिला.

लव्हॉनने छापील वाक्य म्हटलं.

"नाही," ऑरिन म्हणाला आणि वाट बघत थांबला. काहीच आलं नाही. "ऐकलंस का? नाही म्हणालो मी."

"ही तुमची पावती."

"तुमची?" ऑरिनने मागे वळून बघितलं, आपल्यामागे दुसरं कुणी आहे की काय. "बरं नाही का तुला?"

"पुढचे!"

तो गेला. मनात लव्हॉन म्हणाली, बरी जिरली. पण घरी जाऊन कुणाचं तरी खिम्याचं भांडं गरम करत बसली, तेव्हा आपल्याला काही फार आनंद झालेला नाही हे तिच्या लक्षात आलं. मार्चमध्ये पुन्हा तेच. या खेपेला ऑरिनने आपण होऊन बैलाचा विषय काढला, नवा बैल घेतोय म्हणून किंमतसुद्धा सांगितली. लव्हॉनने भिंतीकडे बघितलं. ऑरिनने पावती खिशात घातली आणि टोपी हातातच धरून बाहेर गेला.

एप्रिलमध्ये त्याच्याकडे गायी वितात, रात्रंदिवस गोठ्यात काढावे लागतात. तरी तो आला. अंगाला गवत चिकटलेलं, डोळे तारवटलेले. त्याने खिशातून कागदांची चळत काढून खिडकीवर ठेवली.

"सगळ्या गाड्या. कायमच्या करून टाक."

अकरा वर्षांहून जुनी गाडी एकदाच पैसे भरून कायमची नोंदवता येते. मग ती मोडेपर्यंत पुन्हा कोर्टाचं तोंड बघावं लागत नाही. लव्हॉनने एकेक गाडी संगणकावर काढली. पहिली एकतीस वर्षांची. दुसरी सव्वीस. आठांतली सगळ्यात तरणी गाडी बावीस वर्षांची होती.

तिची बोटं थांबली. छापील वाक्यात हा प्रश्न नव्हता, पण तो तोंडातून निघूनच गेला. "अरे, हे तुला केव्हाच करता आलं असतं! दर वर्षी कशाला भरत बसलास?"

"ठाऊक होतं मला."

"मग?"

ऑरिनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग काय? माझ्या घरापासून इथवर साठ मैल आहेत. तिथे गायी आहेत. गायी बोलत नाहीत. तूही बोलत नाहीस आताशा. मग यायचं कशाला?"

लव्हॉन पुढे वाकली. "ऑरिन, खरं सांग. माझ्यावर तक्रारीचं पत्र तू लिहिलंस ना?"

"पत्र?" ऑरिनचा चेहराच उतरला. "तक्रार असती तर तोंडावर केली नसती? एकोणीस वर्षं दुसरं काय करतोय मी?"

"पत्र तळ्याकाठच्या काचेच्या बंगलेवाल्याचं होतं," मागून आवाज आला. शॉना आपल्या खोलीच्या दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. "पाच बोटी आणि चार बर्फगाड्या आहेत त्याच्या. त्याच जुन्या बोलण्याबद्दल दुसरं पत्र आलं, त्यात त्याने नाव घातलंय."

लव्हॉनने शॉनाकडे बघितलं, मग ऑरिनकडे. तळघर डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण समोर हा म्हातारा झोप मोडून साठ मैल आला होता आणि पुन्हा यायचा नव्हता. जाऊ दे खड्ड्यात ते तळघर!

"ऑरिन स्टुसेक," तिचा आवाज पार बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत गेला, "तुझ्यासारखा कवडीचुंबक या कौंटीत दुसरा नाही! नव्या बैलाला झूल शिवशील, पण एक डॉलर सुटणार नाही तुझ्याच्याने! देतोस की नाही?"

"नाही!" ऑरिन इतक्या आनंदाने ओरडला की शेजारच्या खिडकीवरच्या बाईच्या हातून शिक्का पडला.

शॉना पुढे आली. "मिस्टर स्टुसेक, तुम्हाला या खिडकीविषयी तक्रार नोंदवायची आहे?"

"आहे. तीन महिने ही बाई माझ्याशी माणसासारखं बोलली नाही. लिहून घ्या."

शॉनाने खरंच लिहून घेतलं, आणि सही करायला कागद पुढे केला. मग लव्हॉनला म्हणाली, "दोन तक्रारी बोलण्याच्या, एक न बोलण्याची. मला काही सुचत नाहीये. काचेच्या बंगल्याचा माणूस येईल तेव्हा त्याला दोन नंबरच्या खिडकीवर पाठव." आणि ती आत जाऊन दार लावून बसली.

लव्हॉनने डोळे पुसले. रांगेत मघापासून सगळे तिच्याकडेच बघत होते, म्हणून ती अगदी हळू आवाजात बोलली. "वेड्या, आठ गाड्यांचा कर दर वर्षी फुकट भरलास. त्यापेक्षा पहिल्याच वर्षी एक डॉलर देऊन मोकळा झाला असतास तर?"

"मग पुढच्या खेपेला तू माझ्याशी काय बोलली असतीस?"

लव्हॉनने कायमच्या नोंदणीचे आठही फॉर्म उभे फाडले, टोपलीत टाकले आणि एप्रिलची पाळी असलेल्या त्याच्या निळ्या पिकअपचा एका वर्षाचा फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला.